एसजीपीटी उतरतं आणि पुन्हा वाढतं : तरुण वयात कारण कसं शोधायचं

नोकरीला लागण्याआधीची तपासणी, विम्यासाठीची तपासणी, नाहीतर घरी येऊन रक्त घेऊन जाणाऱ्यांचं ‘फुल बॉडी चेकअप’. वय पंचवीस-तीस, त्रास काहीच नाही, आणि रिपोर्टमध्ये लिव्हरचा एक आकडा ठळक छापलेला : एसजीपीटी ८२. मग लिव्हरचं टॉनिक सुरू होतं, तेलकट बंद होतं, महिन्याभराने आकडा ५० वर येतो आणि घरचे निश्चिंत होतात. सहा महिन्यांनी पुन्हा ९०. पुन्हा टॉनिक. असे वर्ष-दोन वर्षं हेलपाटे घालून आलेले रुग्ण मी सतत पाहतो. फाइल जाड असते, चिठ्ठ्या भरपूर असतात, पण आकडा कशामुळे वाढला हे त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

वाढलेल्या एसजीपीटीवर उपचार नसतो. ते ज्यामुळे वाढलं त्यावर असतो. आणि आकडा खालीवर होत असेल तर कारण सापडण्याची शक्यता उलट जास्त असते, कारण वाढण्याच्या आणि उतरण्याच्या तारखा आपल्या हातात असतात. त्या तारखांचा उपयोग कसा करायचा, यासाठी हे लिहितो आहे.

आकडा कशाचा आहे

एसजीपीटी आणि एएलटी ही एकाच एन्झाइमची दोन नावं, तशीच एसजीओटी आणि एएसटी. ही एन्झाइम्स पेशींच्या आत काम करतात. पेशीला इजा झाली की ती रक्तात उतरतात. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरमधून येतं. एसजीओटी मात्र लिव्हरबरोबर स्नायू, हृदय आणि तांबड्या रक्तपेशींमध्येही भरपूर असतं. म्हणून एकटं एसजीओटी वाढलं असेल तर थेट लिव्हरवर बोट ठेवता येत नाही.

लिव्हर काम कसं करतंय हे या दोघांवरून कळत नाही. त्यासाठी बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य), अल्ब्युमिन (लिव्हर तयार करतं ते प्रथिन) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम म्हणजे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) बघावं लागतं. एसजीपीटी ३०० असलेल्या माणसाचं लिव्हर व्यवस्थित काम करत असू शकतं, आणि सिरॉसिस झालेल्या, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलेल्या माणसाचं एसजीपीटी ३५ असू शकतं.

लॅब साधारण ४० ते ५५ पर्यंतचा आकडा नॉर्मल म्हणून छापते. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०१७ मध्ये सुचवलेली मर्यादा याहून कमी आहे : पुरुषांसाठी २९ ते ३३, स्त्रियांसाठी १९ ते २५. तेव्हा पोट सुटलेल्या २८ वर्षांच्या मुलाचं ४६ आलं आणि लॅबने ते ठळक छापलं नाही, म्हणून दुर्लक्ष करू नये. तसंच ६० आल्यावर रात्रभर जागूही नये.

अजून एक गोष्ट फार कामाची आहे. रक्तातलं एसजीओटी साधारण १७ तासांत निम्मं होतं आणि एसजीपीटी साधारण ४७ तासांत. म्हणजे इजा एकदाच होऊन थांबली असेल तर दोन-तीन आठवड्यांत आकडा बराच खाली यायला हवा. तो तिथेच अडकून राहिला तर समजायचं की इजा आजही चालू आहे. आणि उतरून पुन्हा चढला, तर काहीतरी थांबलं होतं आणि पुन्हा सुरू झालं.

पुन्हा तपासताना काय सांभाळायचं

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पहिल्यांदा वाढलेलं दिसलेलं एसजीपीटी काही आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हा सुमारे तीनातल्या एकाचं नॉर्मल आलं होतं. त्यामुळे एका रिपोर्टवर निष्कर्ष नको. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आधीचे दहा दिवस वजनं उचलू नका, दारू पूर्ण बंद ठेवा, डॉक्टरांनी लिहून न दिलेल्या गोळ्या, काढे, पावडरी सगळं थांबवा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. ताप येऊन गेला असेल तर निदान तीन-चार आठवडे जाऊ द्या. डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, लेप्टो यात एन्झाइम्स वाढतातच (डेंग्यूत एसजीओटी एसजीपीटीच्या पुढे जातं), आणि तापातला रिपोर्ट पुढे ‘लिव्हरचा जुना त्रास’ म्हणून नावाला चिकटतो. रिपोर्टवर ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’ असा शेरा असेल तर तो एसजीओटीचा आकडा धरूच नका, कारण नळीत तांबड्या पेशी फुटल्या की तो आपोआप वाढतो.

सगळे रिपोर्ट एका कागदावर

एक आडवा कागद घ्या. पहिल्या रकान्यात तारीख, मग एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी (लिव्हर आणि पित्तनलिकेकडून येणारी आणखी दोन एन्झाइम्स; जीजीटी स्नायूंतून येत नाही), बिलिरुबिन, प्लेटलेट, वजन. शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा, त्यात त्या तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांत काय काय झालं ते लिहा : आजारपण, औषधं, काढे, व्यायाम, दारू, प्रवास, उपास, लग्नसराई. मोबाइलमध्ये विखुरलेल्या पीडीएफमधून जे दिसत नाही ते या कागदावर दिसतं.

पुण्यात आयटीत काम करणाऱ्या २७ वर्षांच्या एका मुलाचा असा कागद आठवतो. मार्चमध्ये एसजीपीटी ८८, एसजीओटी १२१. मे महिन्यात ४१ आणि ३६. ऑगस्टमध्ये १०२ आणि १६४. एसजीओटी पुढे असल्यामुळे दोन ठिकाणी त्याला खोदून खोदून विचारलं होतं की तू पितोस ना, खरं सांग. तो पीत नव्हता. जीजीटी २२, तिन्ही वेळा जवळपास तेवढंच. शेवटच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं : फेब्रुवारीत जिम लावली, एप्रिलमध्ये बहिणीचं लग्न म्हणून सुटली, जुलैपासून पुन्हा सुरू. मेच्या नॉर्मल रिपोर्टचं श्रेय टॉनिकला मिळालं होतं. त्याचं सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कुणी केलंच नव्हतं. केलं तेव्हा २,३०० आलं. लिव्हरची सोनोग्राफी स्वच्छ होती. दहा दिवस वजनं बंद ठेवून पुन्हा तपासलं, तर सगळे आकडे जागेवर.

जिममुळे एसजीपीटी वाढतं हे पुष्कळांना खरं वाटत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनं उचलायची सवय नसलेल्या निरोगी पुरुषांकडून फक्त एक तास कसून व्यायाम करून घेतला होता. त्यांचं सीपीके, एसजीओटी आणि एसजीपीटी निदान सात दिवस वाढलेलं राहिलं, जीजीटी आणि बिलिरुबिन हललं नाही. म्हणून एसजीओटी पुढे आणि जीजीटी नॉर्मल असं दिसलं की पहिली तपासणी सीपीकेची.

आठ-दहा दिवस विश्रांती घेऊनही सीपीके हजारांत राहत असेल, जिना चढताना मांड्या भरून येत असतील, जमिनीवरून उठताना हात गुडघ्यांवर टेकवावे लागत असतील, तर प्रश्न स्नायूंच्या आजाराचा आहे आणि दाखवायचं न्यूरॉलॉजिस्टला. थायरॉइड कमी पडलं तरी सीपीके आणि एसजीओटी वाढतं, त्यामुळे टीएसएच सोबतच करून टाकावं.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण : लिव्हरमधली चरबी

एसजीपीटी ६० ते १५० च्या दरम्यान, एसजीओटी त्याहून कमी, वजनाबरोबर दोन्ही खालीवर, हे चित्र फॅटी लिव्हरचं. २०२३ पासून वैद्यकात याचं नाव बदलून त्यात चयापचयाचा उल्लेख आला आहे, कारण मूळ गडबड तिथे आहे : इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढतात, आणि जास्तीची ऊर्जा लिव्हरमध्ये चरबी होऊन साठते.

‘पण मी तर जाड नाही’ हे वाक्य मी रोज ऐकतो. आपल्याकडे जाड दिसायची गरज नाही. दक्षिण आशियाई माणसाला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ च्या पुढे गेल्यावरच धोका सुरू होतो, २५ ची वाट बघायची नसते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही ठेवण तर जास्त त्रासाची. कंबर बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, टेपने मोजा : पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढे, स्त्रीची ८० च्या पुढे असेल तर तेवढ्यावरून कामाला लागा. पाळी अनियमित असलेल्या, पीसीओएस असलेल्या मुलींमध्ये फॅटी लिव्हर खूप सापडतं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडच्या फाइलमध्ये एसजीपीटी तपासलेलंच नसतं.

सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलं की दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. एक, ‘हे सगळ्यांनाच असतं’. दुसरी, ‘लिव्हर खराब झालं’. दोन्ही चुकीच्या. सोनोग्राफीला लिव्हरमध्ये साधारण २० ते ३० टक्के चरबी झाल्यावरच ती नीट दिसते, म्हणून नॉर्मल सोनोग्राफीने फॅटी लिव्हर पूर्णपणे फेटाळलं जात नाही. आणि ग्रेड चरबीची असते, त्यावरून लिव्हर कडक झालंय का ते कळत नाही. त्यासाठी फायब्रोस्कॅन आहे. त्यात ८ किलोपास्कलच्या आत आलं तर लिव्हर पुढच्या टप्प्याला गेलेलं नसण्याची शक्यता बरीच. इंटरनेटवर वय, प्लेटलेट, एसजीओटी, एसजीपीटी भरून जो फिब-४ आकडा मिळतो, तो ३५ वर्षांखालच्या माणसात भरवशाचा नाही. त्यावरून निर्धास्त होऊ नका आणि घाबरूही नका.

आहाराबद्दल ‘तेलकट बंद’ एवढंच सांगितलं जातं, आणि तिथेच गाडी अडते. तळलेलं कमी करावंच, पण लिव्हरमध्ये चरबी तयार होते ती साखर, मैदा आणि गोड पेयांमधूनही. भजी सोडलेला मुलगा दिवसातून पाच चहा दोन-दोन चमचे साखर घालून पितो, सोबत खारी-बिस्किटं, दुपारी शीतपेय, आणि रात्रीच्या शिफ्टनंतर एक वाजता बिर्याणी मागवतो. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू : उपास असला तरी दिवसभर पोटात स्टार्च, तूप आणि गूळच जातो. ज्वारीची भाकरी, उसळ, कोशिंबीर, ताक, अंडी, मासे हे आपलं नेहमीचं जेवण लिव्हरला उत्तम मानवतं. त्यासाठी बाहेरून काही मागवायला नको.

वजन पाच टक्के उतरलं की लिव्हरमधली चरबी कमी होते, सात ते दहा टक्के उतरलं की सूजही उतरायला लागते. ८० किलोच्या माणसाला हे अनुक्रमे चार किलो आणि साडेपाच ते आठ किलो. ते सहा महिन्यांत उतरवा, सहा आठवड्यांत नको. उपाशी राहून झपाट्याने वजन पाडलं तर एन्झाइम्स उलट वाढू शकतात, पित्ताशयात खडेही होतात. वजन पुन्हा चढलं की एसजीपीटीही चढतं. ‘औषध सोडल्यावर पुन्हा वाढलं’ असं जे सांगितलं जातं, त्यात बऱ्याचदा औषधाबरोबर चालणंही सुटलेलं असतं. बिनसाखरेची कॉफी नियमित पिणाऱ्यांचं लिव्हर तुलनेने चांगलं राहतं असं अनेक अभ्यासांत दिसलंय, तेव्हा चहाच्या दोन कपांच्या जागी ती घ्यायला हरकत नाही.

‘औषध काही घेत नाही, डॉक्टर’

हा भाग मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. तीस वर्षांच्या एका बाईंना विचारलं, कुठलं औषध चालू आहे? नाही. काढा, चूर्ण, रस असं काही? ‘ते तर रोज घेते. गुळवेलीचा काढा सकाळी, अश्वगंधा रात्री, आणि केसांसाठीच्या गोळ्या.’ हे सगळं त्यांच्या लेखी औषधात मोडतच नव्हतं. प्रश्न असा विचारला नाही तर उत्तर असं मिळत नाही.

२०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेऊन लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यातल्या बऱ्याच जणांत शरीर स्वतःच्याच लिव्हरवर हल्ला करतं त्या ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं चित्र होतं. आयुष मंत्रालयाने याला हरकत घेतली, गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी असं त्यांचं म्हणणं पडलं. माझं मत मी स्पष्ट सांगतो : ज्याचं एसजीपीटी वाढलेलं आहे त्याने वाद मिटायची वाट बघू नये, गुळवेल बंद करावी. थायरॉइडचा किंवा दुसरा कुठलाही ऑटोइम्यून आजार असलेल्यांनी ती सुरूच करू नये.

अश्वगंधेमुळे कावीळ झाल्याच्या नोंदी देशात आणि बाहेरही आहेत. भाजीत घालायची हळद निराळी आणि मिरीचा अर्क मिसळून शोषण वाढवलेली कर्क्युमिनची कॅप्सूल निराळी; दुसऱ्या प्रकाराने लिव्हरला इजा झालेली आहे. वजन उतरवण्याच्या गोळ्यांमधल्या ग्रीन टीच्या अर्कानेही. जिममध्ये ट्रेनर देतो त्या बिनलेबलच्या डब्यात अॅनाबॉलिक स्टेरॉइड असू शकतं. त्याने एन्झाइम्स फार न वाढता कावीळ होते आणि अंगाला इतकी खाज सुटते की माणूस रात्र रात्र झोपत नाही. साध्या व्हे प्रोटीनला उगाच दोष देऊ नका, पण डब्यावर आणखी काय काय लिहिलंय ते वाचा आणि डबा डॉक्टरांसमोर ठेवा.

इजा यांपैकी कशाने झाली असेल तर थांबवल्यावर काही आठवड्यांत आकडा उतरायला लागतो, काहींना दोन-तीन महिने लागतात. मग ‘आता बरं आहे’ म्हणून पुन्हा तेच सुरू केलं की दुसऱ्या खेपेची इजा पहिलीपेक्षा लवकर आणि जोरात होऊ शकते. खात्री करून घ्यायला म्हणूनसुद्धा पुन्हा घेऊन बघू नका.

आधुनिक औषधंही या यादीत आहेत. नायटा-गजकर्णासाठी महिनोन्‌महिने चालणाऱ्या इट्राकोनॅझोल आणि टर्बिनाफिनच्या गोळ्या, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन, फिटसाठी व्हॅल्प्रोएट, सांध्यांसाठी किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट. पॅरासिटामॉल दिवसाला चार ग्रॅम असं आठवडाभर घेतलं तर पूर्ण निरोगी माणसाचंही एसजीपीटी वाढू शकतं, आणि सर्दीच्या बहुतेक गोळ्यांमध्ये ते आधीच असतं, ते बेरजेत धरलं जात नाही. टीबीच्या उपचारात आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात. तिथे नियम ठरलेला आहे : उलट्या, कावीळ अशी लक्षणं असतील तर नॉर्मल मर्यादेच्या तिप्पट, लक्षणं नसतील तर पाचपट वाढ झाल्यावर गोळ्या थांबवतात, आणि नंतर एकेक करून पुन्हा सुरू करतात. हे डॉक्टरांनी करायचं. टीबीची गोळी मनाने बंद करणं एसजीपीटी वाढण्यापेक्षा धोक्याचं आहे.

टॉनिकबद्दलही इथेच सांगतो. सिलिमरिन किंवा अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड घेऊन आकडा थोडा उतरू शकतो. यातलं अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिड पित्तनलिकेच्या काही आजारांत खरंच लागतं. पण कारण न शोधता दिलेलं टॉनिक रिपोर्ट तेवढा गोड करतं, आणि विल्सनसारखा (शरीरात तांबं साठत जाण्याचा) आजार वर्षभर लपून राहतो.

दारू

किती घेता याचं उत्तर ‘वीकेंडला फक्त’ असं नको, बाटल्यांत आणि पेगमध्ये हवं. एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त, जीजीटी वाढलेलं, तांबड्या पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही मोठा, हे दारूचं चित्र. दारूने एसजीओटी सहसा ३००-४०० च्या पुढे जात नाही. गेलं तर सोबत दुसरं काहीतरी आहे, बऱ्याचदा पॅरासिटामॉल. पोट सुटलेला माणूस थोडी जरी घेत असेल तर चरबी आणि दारू एकमेकांना हात देतात.

बी आणि सी : एकदा केलीच पाहिजे अशी तपासणी

पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ सगळ्यांच्या ओळखीची. त्यात एसजीपीटी हजारात जातं, आणि काही आठवड्यांत उतरून प्रकरण संपतं. हिपॅटायटिस ए क्वचित एकदा उलटते, पण ‘दरवर्षी कावीळ होते’ याचा अर्थ दरवर्षी ए किंवा ई होते असा बिलकुल नाही.

बी आणि सी मात्र आवाज न करता वर्षानुवर्षं राहतात, आणि बी मध्ये तर आकडा मधूनमधून उसळून पुन्हा नॉर्मलला येतो. हिपॅटायटिस बी ची लस सरकारी लसीकरणात २००२ मध्ये काही ठिकाणी प्रायोगिक म्हणून आली आणि देशभर पोचायला २०११-१२ उजाडलं. म्हणजे आज पंचविशीत असलेल्या पुष्कळांना ती लहानपणी मिळालेली नाही. एचबीएसएजी (बी साठी) आणि अँटी-एचसीव्ही (सी साठी) या दोन तपासण्या साध्या रक्ताच्या आहेत, आणि वाढलेलं एसजीपीटी दोनदा दिसलं की त्या झाल्याच पाहिजेत. सी आता बहुतेकांची १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी आणि औषधं ठरावीक सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. पॉझिटिव्ह आली म्हणून नोकरी जाईल, लग्न मोडेल या भीतीने अनेक जण रिपोर्ट दडवून ठेवतात. बी असलेल्या माणसाच्या जोडीदाराला लस देऊन सुरक्षित करता येतं. ताटवाटी वेगळी करायची गरज नसते.

विरळ, पण सुटता कामा नये

विल्सनचा आजार मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तो नेमका याच वयात येतो, साधारण ५ ते ३५ वर्षांच्या दरम्यान, आणि वेळेत सापडला तर माणूस आयुष्यभर धडधाकट राहतो. शरीरातलं जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकणारं जनुक बिघडलेलं असतं, तांबं आधी लिव्हरमध्ये आणि मग मेंदूत साठत जातं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं तरच आजार होतो, म्हणून मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी लग्नं होतात त्या घरांत तो जास्त दिसतो.

अशाच एका घरातला १९ वर्षांचा मुलगा. चार वर्षांत तीन वेळा ‘कावीळ’ झालेली. तिन्ही वेळा गावात चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ती ‘उतरवली’, पाणी पिवळं झालं, सगळ्यांना बरं वाटलं. एसजीपीटी ७० ते १४० च्या मध्ये हेलकावे खात होतं. माझं लक्ष दोन गोष्टींनी वेधलं : कावीळ असूनही अल्कलाइन फॉस्फेटेज फारच कमी होतं, आणि फॉर्मवर सही करताना त्याचा हात थरथरत होता. कॉलेजात अक्षर बिघडलं म्हणून त्याला ओरडा बसत होता. सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहून नेणारं प्रथिन) खूप कमी आलं, २४ तासांच्या लघवीत तांबं भरपूर निघालं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पखाली बुबुळाभोवती तपकिरी-हिरवं कडं दिसलं. तांबं बाहेर काढणारं औषध आणि नंतर झिंक, हे त्याचे उपचार, आणि ते कधीच बंद करायचे नाहीत. घरातला तांब्याचा हंडा आणि त्याची तांब्याची बाटली बाजूला ठेवायला सांगितली. आणि धाकट्या बहिणीला तपासणीसाठी बोलावलं, कारण सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक असते, त्रास काही नसला तरी.

ऑटोइम्यून हिपॅटायटिस तरुण स्त्रियांमध्ये जास्त; एकूण आयजीजी, एएनए आणि स्मूथ मसल अँटिबॉडी या रक्ताच्या तपासण्यांवरून संशय येतो, लिव्हरचा तुकडा तपासून नक्की होतं. यातही आकडे स्वतःहून उतरतात आणि पुन्हा चढतात, आतली हानी मात्र चालूच असते. गव्हाची अॅलर्जी असं ढोबळपणे ज्याला म्हणतात त्या सीलिअॅकमध्ये पोटाची तक्रार नसतानाही एसजीपीटी वाढू शकतं. हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही वाढत नसेल तर टीटीजी-आयजीए ही सीलिअॅकची रक्ततपासणी करावी. पण गहू सोडायच्या आधी करा, नंतर ती तपासणी फसवते.

एकटं अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी वाढलं असेल तर प्रश्न पित्तनलिकेचा. पित्तनलिकेचा एक आजार आतड्याच्या सुजेबरोबर येतो, म्हणून जुलाबात रक्त पडत असेल तर त्या बाजूने लगेच तपास हवा. जीजीटी नॉर्मल असेल तर अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांचं असू शकतं, वाढीच्या वयात ते असतंच. फक्त बिलिरुबिन दोन-अडीच, तेही इनडायरेक्ट, उपाशी राहिल्यावर जास्त, हिमोग्लोबिन आणि बाकी सगळं नॉर्मल : तो बहुधा गिल्बर्ट (बिलिरुबिन जन्मतःच थोडं जास्त राहण्याची निरुपद्रवी ठेवण), त्याला औषधच नको.

कधी थांबायचं नाही

कावीळ आणि सोबत गुंगी, असंबद्ध बोलणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, आयएनआर दीडच्या पुढे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोटात पाणी. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी लिव्हर विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. औषधाच्या इजेत एसजीपीटी तिपटीच्या पुढे आणि बिलिरुबिन दुपटीच्या पुढे एकाच वेळी गेलं, तर सुमारे दहातल्या एका रुग्णाचं लिव्हर निकामी होऊन मृत्यू किंवा प्रत्यारोपणापर्यंत वेळ येऊ शकते. अशा वेळी ‘उतरवायला’ नेण्यात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत एन्झाइम्स वाढली, रक्तदाब वाढला, बरगडीखाली दुखू लागलं किंवा तळहात-तळपायांना खाज सुटली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

बाकीच्यांसाठी क्रम असा ठेवा. पहिल्या फेरीत पूर्ण लिव्हर प्रोफाइल जीजीटीसह, सीबीसी, आयएनआर, सीपीके, एचबीएसएजी, अँटी-एचसीव्ही, टीएसएच, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड आणि सोनोग्राफी. यात उलगडा झाला नाही, किंवा सहा महिने होऊनही आकडा वरच राहिला, तर दुसऱ्या फेरीत सेरुलोप्लाझ्मिन, आयजीजी आणि ऑटोइम्यून अँटिबॉडी, टीटीजी-आयजीए, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि फायब्रोस्कॅन. विल्सनचा संशय असेल तर दुसऱ्या फेरीची वाट न बघता सेरुलोप्लाझ्मिन लगेच. हे सगळं नॉर्मल आणि एसजीपीटी दुपटीच्या आत, असे काही जण उरतातच; त्यांनी तीन ते सहा महिन्यांनी तपासत राहावं, पाचपटीच्या आसपास असलेल्यांनी बायोप्सीबद्दल लिव्हरच्या डॉक्टरांशी बोलावं. कारण कुठलंही निघालं तरी एचबीएसएजी निगेटिव्ह असलेल्यांनी हिपॅटायटिस बी च्या लसीचे तीन डोस (आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी) आधी झाले नसतील तर घेऊन टाकावेत, आणि ज्याचं लिव्हर आधीच दुखावलेलं आहे त्याने हिपॅटायटिस ए च्या लसीबद्दलही विचारावं.